क्रिप्टोतील नफा आपण कधी आणि कसा काढलात? (अनुभव धागा)

क्रिप्टो कधी घ्यावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. कधी विकावे हे मात्र ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. वाचकांनी आपला विक्रीचा निर्णय आणि त्यामागचे कारण आकड्यांसह लिहावे, ही विनंती. भावाची भाकिते येथे नकोत. सुरुवात मीच करतो.

फोंडा: बँकांना क्रिप्टो व्यवहारांसाठी सेवा देण्यास मनाई करणारे रिझर्व्ह बँकेचे २०१८चे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२०मध्ये रद्द केल्यानंतर मी बिटकॉइन घेतले. घरावरची मंगलोरी कौले उतरवून वासे बदलण्याइतकी रक्कम झाली की विकायचे, असे पत्नीला सांगितले होते. नोव्हेंबर २०२१मध्ये बिटकॉइन सुमारे ६९,००० डॉलरवर पोहोचले, तेव्हा ती रक्कम केव्हाच ओलांडली होती. तरीही मी थांबलो. १ फेब्रुवारी २०२२च्या अर्थसंकल्पात १ एप्रिलपासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर जाहीर झाला, ते दोन महिनेही मी भाव पुन्हा चढेल या आशेवर घालवले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात भाव १६,०००च्या आसपास आला आणि दोन पावसाळे आम्ही माडीवर बादल्या ठेवून काढले. अखेर डिसेंबर २०२४मध्ये भावाने एक लाख डॉलर ओलांडल्यावर विकले. भाव चांगला मिळाला, पण तोवर चार वासे कुजले होते, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हापसा: मी हिशेबाचे काम करते, म्हणून कराविषयी लिहिते. माझ्या परिचितांना एका नाण्यात ८०,००० रुपये नफा आणि दुसऱ्यात ६०,००० रुपये तोटा झाला. कर २०,०००वरच लागेल, असे त्यांनी गृहीत धरले होते. कायद्याने हा तोटा वजा करता येत नाही, पुढील वर्षी ओढताही येत नाही. कर संपूर्ण ८०,०००वर, म्हणजे ३० टक्के आणि त्या करावरचा ४ टक्के उपकर धरून २४,९६० रुपये झाला, जो त्यांच्या निव्वळ नफ्याहून अधिक होता. विक्रीच्या वेळी कापलेला एक टक्का टीडीएस (आगाऊ कापून घेतलेला कर) या करातून वजा होतो, तो विवरणपत्रात दाखवण्यास विसरू नये.

डिचोली: पैसे दुप्पट झाले की अर्धे विकून मुद्दल काढावे, हा सल्ला मीही पाळला, परंतु कर भरल्यावर मुद्दल अपुरे पडले. ते पूर्ण परत मिळण्यासाठी सुमारे ५९ टक्के विकावे लागते.

वास्को: मी बोटीवर नोकरी करतो. मे २०२२मध्ये लुना हे क्रिप्टो नाणे काही दिवसांतच जवळजवळ शून्यावर आले, तेव्हा आम्ही भर समुद्रात होतो आणि इंटरनेट नव्हते. आता बोटीवर चढण्यापूर्वी ठरलेल्या भावाची लिमिट ऑर्डर, म्हणजे भाव तिथे पोहोचला की आपोआप विक्री करण्याची सूचना, नोंदवून जातो. मागच्या खेपेस ती माझ्या अनुपस्थितीत पूर्ण झाली. त्यानंतर भाव आणखी चढला, पण मुलीची कॉलेजची फी वेळेत भरली गेली होती.