बाबांबद्दल अर्धं पान लिहायचंय, काय लिहू?

माझगावची_लेक:

मंडळी, जरा मदत हवी आहे. आमच्या वाडीच्या गणेशोत्सव मंडळाचा अहवाल छापायला जातोय. जमाखर्च संपला की जाहिरातींच्या आधी श्रद्धांजलीची दोन पानं असतात. यंदा त्यात माझे बाबा आहेत. पौषात गेले. सेक्रेटरींनी मजकूर तयार करूनच व्हॉट्सॲपवर पाठवला: 'शांत, मनमिळाऊ व कुटुंबवत्सल व्यक्तिमत्त्व काळाच्या पडद्याआड.' शेजारच्या चौकटीतले गृहस्थ जन्मभर जिन्यात उभं राहून भांडले, त्यांनाही शब्दन् शब्द हेच. मी तावातावाने सांगितलं, बाबांचं मी लिहून देते. आता कागद पुढ्यात आहे आणि काही सुचत नाही.

बाबांचा किस्साच नाही. आमच्या मजल्यावर कुणाचे वडील ८२च्या गिरणी संपात होते, कुणी दंगलीत दोन रात्री जिन्यात पहारा दिला. बाबा महापालिकेच्या जलखात्यात चावीवाले होते. रात्री तीनला उठून जायचे, उजाडल्यावर परत. पगार आईच्या हातात. तपकीर सोडली तर व्यसन नाही. कधी आवाज चढला नाही. मंडळाच्या एकाही फोटोत धड नाहीत. विसर्जनाच्या ट्रकच्या फोटोत कडेला एक कोपर दिसतं, ते त्यांचं आहे असा आईचा दावा आहे.

अशा माणसाबद्दल कुणी लिहिलंय का? शुक्रवारपर्यंत द्यायचंय.

श्री_सावंतवाडी:

भावपूर्ण श्रद्धांजली. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.

बोरिवली_फास्ट:

माझे वडील असेच होते, पोस्टात सॉर्टिंगला. मी विशेषणं एकदम बाद केली आणि फक्त त्यांचा दिवस लिहिला. उठल्यावर पहिलं काय करायचे, बाजारातून काय आणायचे, कशावर खर्च करताना हात आखडायचा, कशावर नाही. अर्धं पान कमी पडलं मला.

आणखी एक. अबोल माणसं कुठे ना कुठे लिहून ठेवतात. पासबुकाची मागची पानं, रेशनकार्डाचं प्लास्टिक, देवघराचा खण. तिथे हात घालून बघा.

निवृत्त_जेई:

ताई, चावीवाल्याची गोष्ट नाही असं कसं म्हणता? मी जलकामे विभागात होतो, शहरात आणि उपनगरातही, म्हणून लिहितो. वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हे काम ठाऊकच नसेल.

तानसा, भातसा, वैतरणेची धरणं, सगळीकडून पाणी येतं, ते भांडुपला आणि पांजरापूरला शुद्ध होतं आणि मग टेकड्यांवरच्या जलाशयांत चढतं. मलबार हिलला हँगिंग गार्डनच्या खाली जलाशय आहे. तुमच्याकडे भंडारवाड्याच्या टेकडीवर बागेत मुलं खेळतात, त्यांच्या पायाखाली पाणी आहे. इथपर्यंत इंजिनियरांचं काम. तिथून पुढे तुमच्या नळापर्यंत माणूस लागतो, कारण मुंबईत बहुतेक ठिकाणी पाणी चोवीस तास नसतं, पाळीपाळीने सोडतात. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, लांब दांड्याची लोखंडी चावी व्हॉल्व्हवर बसवायची आणि फिरवायची. मोठ्या व्हॉल्व्हला दोन-तीन माणसं लागतात.

प्रत्येक व्हॉल्व्हचे आटे, म्हणजे चावीचे फेरे, ठरलेले असतात. पूर्ण उघडला तर उताराला धो धो आणि चढावरच्या चाळीला थेंब नाही. घाईत बंद केला तर पाइपात हादरा बसतो आणि जुनी बिडाची लाइन फुटते. वेळापत्रक आमच्या कागदावर असायचं. पण कुठला व्हॉल्व्ह अर्ध्यावर अडकतो, कुठला दोन आटे जास्त मागतो, हे त्यांच्या हातात असायचं. मी नवा असताना नकाशा घेऊन गेलो आणि एका चावीवाल्याने मला नकाशात नसलेला व्हॉल्व्ह दाखवला. गळती शोधायला सळईचं एक टोक पाइपावर आणि दुसरं कानाला. ट्रॅफिक नसताना, म्हणजे रात्री, ऐकायचं.

वडील कुठल्या चौकीला होते?

माझगावची_लेक:

जेई काका, तुम्ही आटे म्हणालात आणि मी खुर्चीतून उठलेच. बाबा जेवताना पुटपुटायचे. आम्हाला वाटायचं जप करतात. दादाने एकदा कान देऊन ऐकलं तर 'अठरा, एकोणीस, वीस' चाललं होतं. चौकी जाहीर लिहीत नाही, पण बी आणि ई वॉर्डात सगळी नोकरी गेली.

बोरिवलीकर, तुमचं ऐकून आईच्या कपाटावरची ट्रंक काढली. पासबुकं होती, त्यांत काही नाही. पण खाली कालनिर्णयची चळत सापडली, सुतळीने बांधलेली. बाबा तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहायचे हे आम्हाला माहीत होतं, ती रद्दीत गेली नाहीत हे माहीत नव्हतं. 'गॅस लावला.' 'आक्का म.ऑ. १५०.' 'पाणी कमी, वरून.' 'दादा फी.' 'छत्री.' नुसतं छत्री. घेतली, हरवली, की दुरुस्त केली, देव जाणे. माझ्या जन्माच्या दिवशी लिहिलंय: 'दूध जास्त १ लि. मुलगी.' दुसऱ्या दिवशी: 'दूध नेहमीप्रमाणे.'

हसून घेतलं, मग एक गोष्ट लक्षात आली. आक्का म्हणजे माझी धाकटी आत्या, संगमेश्वरजवळ गावाला असते. नवरा लवकर गेला तिचा. त्या मनीऑर्डरची नोंद दर महिन्याला आहे, माझ्या लहानपणापासून ते आतेभाऊ नोकरीला लागेपर्यंत. एकही महिना सुटलेला नाही. ज्या महिन्यात माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, त्यातही आहे, फक्त तारीख दहाच्या ऐवजी सव्वीस. आईला विचारलं, तुला ठाऊक होतं? म्हणाली, 'पगार माझ्या हातात द्यायचे. मोजून परत मागायचे तेवढे.'

दिवस विचारलात, तर तो असा. तीनला उठायचे, दिवा न लावता. आम्ही सगळे एका खोलीत, दिवा लावला तर सगळी जागी होतील म्हणून अंधारात शर्ट घालायचे. कधी उलटा घातला जायचा. आमच्या वाडीला पाणी साडेचारला. पहिल्या नळाला गुरगुर सुरू झाली की आई म्हणायची, 'पोचले.' परत येताना आठवड्यातून एकदा भाऊच्या धक्क्यावरून मांदेली नाहीतर बांगडे आणायचे आणि मोरीत बसून स्वतः साफ करायचे. आईच्या कमरेचं दुखणं जुनं. पुरुष मोरीत मासे साफ करतोय म्हणून मजल्यावरच्या बायका आधी दारात येऊन बघायच्या. नंतर त्यांतल्या दोघी आपलेही आणून ठेवायला लागल्या!

उमरखाडीची_सून:

तुमच्या बाबांनी सोडलेल्या पाण्यावर आमचे पिंप भरले असतील, त्यामुळे आधी नमस्कार.

पण एक बोलते, राग मानू नका. अबोल आणि भरवशाच्या माणसाचं कौतुक बाहेरचे करतात. माझे सासरे तसे. सगळी दुनिया म्हणते देवमाणूस. सासूबाई म्हणतात, देवाशी बोलता तरी येतं. तुम्ही लेक म्हणून लिहिताय, आईला विचारलंत का तिला काय लिहायचंय ते? फक्त मनीऑर्डरचं नव्हे. तिला ज्याचा राग आला तेही विचारा.

बोरिवली_फास्ट:

उमरखाडी, +१. माझ्या लेखात आई कुठेच नव्हती, तिने एका वाक्यात दाखवून दिलं.

माझगावची_लेक:

काल रात्री विचारलं. उमरखाडीताई, तुमच्यामुळे आमच्याकडे बारापर्यंत दिवा चालू होता.

आईने पहिल्या झटक्याला दोन गोष्टी काढल्या. पहिली २००९ची. त्या वर्षी पाऊस कमी झाला, पाणीकपात लागली. वाडीतल्यांना वाटलं, चावीवाला आपलाच आहे, आपल्याला काय चिंता. बाबांनी आमची वेळ इतरांसारखीच कमी केली. कुणीतरी मिठाईचा बॉक्स आणून ठेवला, तो बाबांनी उचलून ज्याचा त्याच्या दारात नेऊन ठेवला आणि झोपले. बोलले काहीच नाहीत. बोलणी खायला आई होती ना, सार्वजनिक नळावर. 'यांचा माणूस घरी चोरून भरत असेल' हेही तिने ऐकलं. आमच्या मोरीत तर तेव्हा अर्ध्या बादलीत दोघांची आंघोळ चालायची. आई म्हणते, 'त्यांनी गॅलरीत उभं राहून एकदा सांगितलं असतं तर पुरे होतं. पण तोंड उघडायचं माझ्यावर सोडलं.'

दुसरी २६ जुलै २००५ची. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, आमच्याकडे दक्षिणेला त्या मानाने काहीच नाही, त्यामुळे सुरुवातीला आम्हाला कळलंही नव्हतं. दादा कालिन्याला कामाला होता. रात्री परतला नाही. फोन लागेना. आई गॅलरीतच. बाबा तीनला उठले आणि अंधारात शर्ट घातला. आईला वाटलं, मुलाला शोधायला निघाले. ते पाळीला निघाले होते.

साडेचारला नळाला पाणी आलं. आई म्हणते, 'तो आवाज ऐकून मला जे काही झालं ते मी कुणाला सांगितलं नाही.' तिने त्या दिवशी पाणी भरलं नाही. शेजारणीने भरलं आमचं.

पाळी आटपून बाबा तसेच रस्त्याने उत्तरेला चालत गेले. दादा सायनकडून चालत येत होता, किंग्ज सर्कलला दोघांची गाठ पडली. दादाने रात्र बंद पडलेल्या डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर काढली होती. बाबांनी त्याला उभ्या उभ्या पाव-केळं खायला घातलं आणि दोघे चालत घरी आले. वाटेत काय बोलले म्हणून दादाला आज फोन करून विचारलं. म्हणाला, 'चप्पल कुठे गेली विचारलं. मग आपली काढून दिली.' घरी आले तेव्हा बाबा अनवाणी होते, हे मात्र माझ्याही लक्षात आहे.

आई गणपतीपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. एकदाच म्हणाली होती, 'एक दिवस पाणी नसतं आलं तर कोण मरत होतं?' बाबा म्हणाले, 'दुसरं कोणी पोचलंच नव्हतं पाळीला.' बास. तो विषय पुन्हा निघाला नाही.

मी विचारलं, मग हे अहवालात लिहू का? आई बराच वेळ सुपारी कातरत बसली. म्हणाली, 'लिही. पण मी बोलत नव्हते तेही लिही. आणि मासे साफ करायचे ते आधी लिही.'

निवृत्त_जेई:

२७ जुलैच्या पहाटे मी उपनगरात एका पंपिंगच्या ठिकाणी होतो. आमच्याकडे हजेरीच्या वहीत इतकी कमी नावं होती की मुकादमाने सगळी एका ओळीत लिहिली. तुमच्या आईंचं म्हणणं मला पटतं आणि वडिलांचंही. माझी बायकोही हा धागा वाचतेय, त्यामुळे याहून जास्त लिहीत नाही.

एक सूचना. मजकुरात 'चावीवाला' हा हुद्दा ठेवा. मंडळवाले त्याचं 'मनपा कर्मचारी' करून टाकतील.

श्री_सावंतवाडी:

आधी मी नुसतीच श्रद्धांजली लिहून गेलो होतो. आता सगळं वाचलं. मजकूर तयार झाला की इथे टाका.

माझगावची_लेक:

हा घ्या, काल रात्री पाठवला:

'आमचे बाबा जलखात्यात चावीवाले होते. आठवड्यातून एकदा भाऊच्या धक्क्यावरून मासे आणायचे आणि आईची कमर दुखते म्हणून स्वतः साफ करायचे. गावाला धाकट्या बहिणीला दर महिन्याला मनीऑर्डर करायचे. २००९च्या कपातीत त्यांनी आपल्या वाडीला एक मिनिटही जास्त पाणी सोडलं नाही. त्याबद्दल ज्यांनी आमच्या आईला बोल लावले, त्यांनी कालनिर्णयमधल्या नोंदी येऊन बघाव्यात, ट्रंक उघडीच आहे. २७ जुलै २००५ला मुलगा घरी आलेला नसताना त्यांनी पहाटेचं पाणी सोडलं आणि मग त्याला आणायला गेले. आई त्यानंतर गणपतीपर्यंत त्यांच्याशी बोलत नव्हती. बाबा रोज तिच्या उशाशी चहा ठेवून कामाला जायचे, तो ती प्यायची.'

जेई काका, तुमचं भाकीत खरं ठरलं, प्रुफात 'मनपा कर्मचारी' आलं होतं. बदलून घेतलं. सेक्रेटरी म्हणतात कपातीचं वाक्य काढा, वर्गणीवर परिणाम होईल. मी म्हटलं, काढलंत तर मी माझी जाहिरात काढते. अजून उत्तर आलेलं नाही.

उमरखाडीची_सून:

काढू देऊ नका. आणि चहा कोण गरम करायचं तीनला, तेही विचारून घ्या.

माझगावची_लेक:

तेच. स्टोव्हचा आवाज होतो म्हणून थर्मासमधला, आदल्या रात्रीचा. आई म्हणते, अगदी बेचव असायचा.