मदत हवी आहे : पाळीने जेवणाऱ्या वृद्धांची नोंद कोणत्या कुटुंबात करावी?

सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या एका गावात १८ ते २९, ३० ते ५९ आणि ६० वर्षांवरील माणसे कोणाबरोबर राहतात, याची घरोघरी पाहणी आम्ही करीत आहोत. २०११ च्या जनगणनेशी तुलना करता यावी म्हणून एरवी एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब, ही तिचीच व्याख्या आम्ही घेतली आहे. मात्र येथील अनेक तरुण गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी शुद्ध करण्याच्या, व्यवसायासाठी बायकामुलांसह परराज्यांत असतात. गावी आईवडीलच उरतात, पण घरखर्च मुलगा पाठवतो आणि शिधापत्रिकेवर त्याचे नावही असते. अशा जोडप्याला ‘केवळ वृद्धांचे कुटुंब’ म्हणणे नियमाला धरून असले, तरी मला अपुरे वाटते.

त्याहून अवघड प्रश्न पाळीचा आहे. एका घरी आजी माजघरात झोपतात, मात्र ताट एक महिना थोरल्याच्या आणि एक महिना धाकट्याच्या चुलीवरून येते. (अधिक महिना कोणाचा, हे त्यांनीच हसत विचारले.) त्यांची नोंद पाहणीच्या दिवशीच्या चुलीवर करावी, की वेगळा रकाना ठेवावा? अशी पाहणी केलेल्यांनी आपल्या तक्त्याचा नमुना कृपया दाखवावा.