गिधाडांच्या कड्यांवर हिवाळ्यात दोर टाकावेत का?

पाखरवाट (नाशिक)

अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. पांढऱ्या पाठीचं गिधाड उंच झाडावर संसार मांडतं, याला मात्र उभ्या कातळातली कपार लागते. पावसाळा सरला की जोड्या जमतात. वर्षाला एकच अंडं. नर-मादी आळीपाळीने साधारण ५० दिवस ते उबवतात आणि त्यानंतर पिल्लू उडेपर्यंत आणखी तीन-चार महिने जातात. म्हणजे सगळा हिवाळा आणि उन्हाळ्याचा बराच भाग. प्रस्तरारोहणाचा हंगामही नेमका हाच, कारण तेव्हाच कातळ कोरडा असतो.

माझी मागणी एवढीच की ज्या कड्यावर घरटी आहेत, तिथे नोव्हेंबर ते मे चढाई, रॅपलिंग आणि ड्रोन पूर्ण बंद ठेवावेत. अख्खा डोंगर बंद करा असं मी म्हणत नाही. अंजनीमातेच्या दर्शनाची वाट चालूच राहावी. पण कड्याच्या तोंडावरून माणूस दोराने खाली उतरू लागला की उबवणारा पक्षी उठतो आणि अंडं उघडं पडतं. ते गेलं की बहुधा त्या जोडीचं अख्खं वर्ष वाया जातं.

दोरखंड (पुणे)

ठाम असहमत. गिधाडं गिर्यारोहकांनी मारली नाहीत, डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने मारली. हे औषध टोचलेलं ढोर मेलं, ते गिधाडांनी खाल्लं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन ती पटापट पडली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची ९९ टक्क्यांहून जास्त गिधाडं संपली. त्यांची घरटी झाडांवर होती, तिथे कोण दोर टाकायला गेलं होतं?

कर्नाटकातलं रामदेवरबेट्ट बघा. २०१२ मध्ये खास गिधाडांसाठी अभयारण्य जाहीर झालं, माणसांच्या वावरावर बंधनं आली. तरी तिथली गिधाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली. खायला सुरक्षित मढं नसेल तर कडा कितीही शांत ठेवा, काय उपयोग? बंदी घालणं सोपं असतं म्हणून आधी आमच्यावर येते. आणि एकदा बंद झालेला कडा पुन्हा उघडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

गोठ्यावरचा डॉक्टर (संगमनेर)

औषधाबद्दल दोरखंड बरोबर बोलतायत. जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक २००६ मध्ये बंद झालं, पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये त्या बाटल्यांवर बंदी आली. जनावरांना देतात ती, गिधाडांना तशीच घातक असलेली वेदनाशामकं किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक थेट २०२३ मध्ये बंद झाली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे आणि गाई-म्हशींना चांगलं लागू पडतं. तरी "डॉक्टर, तेच जुनं द्या, लवकर उतरतं" असं सांगणारे पशुपालक आजही भेटतात. माझ्या मते सगळा जोर इथे लागायला हवा.

पाखरवाट

डॉक्टर, औषधाबद्दल वादच नाही. पण यातून दोरखंड यांचा निष्कर्ष निघत नाही. हा पक्षी पाचेक वर्षांचा झाल्याशिवाय अंडी घालत नाही. म्हणजे विषाने एक मोठं गिधाड मेलं, तर त्याची जागा घ्यायला आज कपारीत बसलेलं पिल्लू कितीतरी वर्षांनी तयार होणार. हजारोंनी पक्षी होते तेव्हा चार घरटी मोडली तरी भरून निघत होतं. आता निघत नाही. विषाने एवढं नुकसान केलंय म्हणूनच उरलेल्या प्रत्येक घरट्याची किंमत वाढलीय.

पायथ्याचा (अंजनेरी)

तुम्ही सगळे भांडताय, पण हिवाळ्यात येणाऱ्या मंडळींच्या चहा-जेवणावर आणि वाट दाखवण्यावर आमची घरं चालतात. मुळेगावहून डोंगरावर रस्ता काढायचं निघालं तेव्हा गिधाडांसाठी आणि इथल्या दुर्मिळ वनस्पतींसाठी पक्षीवाले दादा-ताई लढले. डोंगर राखला हे चांगलंच झालं. पण दर वेळी सोसायचं आम्हीच का? कडा बंद करायचा तर गावातली पोरं राखणदार म्हणून घ्या आणि महिन्याच्या महिन्याला पगार द्या. कोणत्या कपारीत पिल्लू आहे हे आम्हाला खालून शिटेच्या पांढऱ्या ओघळांवरून कळतं.

आणि एक सांगतो. फोटोवाले दोरवाल्यांपेक्षा कमी त्रास देत नाहीत. घरट्याच्या समोरच्या कड्यावर दिवस दिवस बसतात, वर जागेचा पत्ता टाकतात. उन्हाळ्यात गवत पेटवतात त्या वणव्याचा धूर तर सरळ कपारीत जातो. त्यावर एक अक्षर नाही?

पूर्वा (लीड्स, मूळ ठाणे)

इथे ब्रिटनमध्ये बहिरी ससाण्यांसाठी दर वर्षी काही कडे विणीपुरते बंद ठेवतात. गिर्यारोहकांची संघटना पक्षीसंस्थांशी बोलून कडा आणि तारखा ठरवते, पायथ्याला पाटी लागते. पिल्लं लवकर उडाली किंवा त्या वर्षी घरटंच झालं नाही, तर कडा आधी उघडतात. दोरखंड, तुमची "पुन्हा उघडत नाहीत" ही भीती त्यामुळे इथे उरत नाही. शिवाय चढणाऱ्यांनीच घरटी कळवल्याची उदाहरणं आहेत.

दोरखंड

पूर्वाताई, अशी पद्धत असेल तर मी उद्या आमच्या क्लबमध्ये मांडतो. ड्रोनबंदी आजपासून मान्य, घरट्यांचे पत्ते जाहीर न करणंही मान्य. पण ती आम्ही स्वतःहून पाळू. वनखात्याची सरसकट अधिसूचना नको.

पाखरवाट

पायथ्याचे दादा, फोटोवाले आणि वणवा, दोन्ही मागणीत घालते. राखणदारांचा पगारही, आणि तो पहिला मुद्दा म्हणून. घरटं नसेल त्या वर्षी कडा उघडायलाही माझी ना नाही. पण दोरखंड, तुमचा क्लब पाळेल यावर माझा विश्वास आहे. शनिवार-रविवारी पैसे घेऊन पन्नास जणांना दोरावरून उतरवणारे कुठल्याच क्लबात नसतात. त्यांना नुसती विनंती करून भागणार नाही. अधिसूचना हवीच.

दोरखंड

त्यांच्यासाठी परवाना सक्तीचा करा. आमच्यासाठी नको. यावर आपलं जमणार नाही असं दिसतंय, पण नोव्हेंबरच्या आत खालून घरटी मोजायची असतील तर आमची माणसं आणि दुर्बिणी घेऊन येतो. तारीख पायथ्याच्या दादांनी ठरवावी.