मदत हवी आहे: सातारा-बामणोली-तापोळा सायकलवर, सोबत तंबू

मंडळी, दिवाळीनंतर मी आणि मित्र सातारहून सायकलवर निघतोय, यवतेश्वरचा घाट, कास, बामणोली, मग लाँचने तापोळा आणि तिथनं महाबळेश्वर चढून पाचगणी-वाईमार्गे परत. सपोर्ट गाडी नाय, तंबू, स्टोव्ह, तांदूळ-डाळ सगळं कॅरियरवरच. कास पठारावर तंबू टाकायचा नाहीच ओ, ते 2012 पासून जागतिक वारशात आहे. पण बामणोलीत शिवसागर जलाशयाच्या (कोयना धरणाच्या पाण्याच्या) काठाला कुणाच्या शेतात विचारून रात्र काढता येईल का? लाँचवाले सायकली घेतात का, का गाड्या नेणारा बार्जच बघावा? आणि तापोळा-महाबळेश्वर चढ, महाबळेश्वर 1372 मीटरवर, मागं पंधरा किलो ओझं, सायकलचा सगळ्यात हलका गिअर म्हणजे पुढं 34 दात्यांची चकती मागं 32, जमंल का ढकलतच न्यावी लागंल? मित्र म्हणतो जमतंय, पण त्यो यवतेश्वरलाच दोनदा उतरतो.