देवीचा मुकुट चढला की राणीची उंची वाढते

"प्राचीन इजिप्तमध्ये राणीची मूर्ती राजाच्या गुडघ्याएवढीच" असं म्हटलं जातं, ते दक्षिण इजिप्तमधल्या अबू सिंबेलच्या मोठ्या देवळापुरतं खरंय. तिथे राणी नेफरतारी तिच्या नवऱ्याच्या, राजा दुसऱ्या रामसेसच्या पायांशी, जेमतेम गुडघ्यापर्यंत. पण शेजारच्या धाकट्या देवळाकडे या. दर्शनी भिंतीत सहा मूर्ती, चार राजाच्या, दोन तिच्या, आणि सगळ्या साधारण १० मीटरच्या. कारण इथे ती हाथोर देवीच्या रूपात आहे: डोक्यावर गाईची शिंगं, मधे सूर्यबिंब, वर दोन उंच पिसं. पायांशी आता मुलं उभी आहेत!

मला मात्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधली दुसरी आर्सिनोई, म्हणजे इजिप्तच्या ग्रीक वंशाच्या राणीची मूर्ती, जास्त भावते. चुनखडीची, अवघी ३८ सेंटिमीटर. उभं राहण्याची ताठ ढब आणि मूर्तीच्या पाठीला जोडलेला दगडी खांब अस्सल इजिप्शियन. हातातलं समृद्धीचं जोडशिंग, म्हणजे फळांनी भरलेल्या शिंगांची जोडी, मात्र थेट ग्रीक. खांबावरच्या लेखात तिला देवी म्हटलंय, त्यामुळे मूर्ती तिच्या मृत्यूनंतरची मानतात. फोटो शोधलात तर मागची बाजू जरूर बघा, लोक समोरूनच बघून पुढे जातात.