म्युकरची बुरशी मारण्याऐवजी तिचा हल्लाच अडवणारं औषध येतंय का?

मनीषा_क:
2021 मध्ये माझ्या मामाला म्युकर (काळी बुरशी) झाला, शुगर 400 च्या वर, उजवीकडचा वरचा जबडा काढावा लागला. वजन 60 किलो, म्हणजे दिवसाला बुरशी मारणाऱ्या अ‍ॅम्फोटेरिसिनच्या 50 मिलिग्रॅमच्या 6 वायल, त्या मिळवायला आम्ही रात्र रात्र मेडिकलच्या दारात उभे. सलाईन सुरू झालं की मामा कुडकुडायचा, अंगावर दोन गोधड्या टाकल्या तरी थांबायचं नाही, आणि मग किडनीवरचा ताण दाखवणारं क्रिएटिनिन चढलं. आता ऐकतेय की बुरशी रोग कसा करते तेच अडवायचं, अशी औषधं शोधतायत. यात खरंच काही दम आहे का?

मायक्रोवाला:
आहे ताई. बुरशीच्या पेशी बऱ्याचशा आपल्यासारख्याच असतात, म्हणून तिला मारणारं औषध आपल्यालाही इजा करतं. अ‍ॅम्फोटेरिसिन बुरशीच्या पेशीच्या आवरणातल्या एर्गोस्टेरॉल या चरबीला धरतं, ते आपल्या कोलेस्टेरॉलच्या इतकं जवळचं की किडनीला झळ बसतेच. आता म्युकरचं बघा, तो करणाऱ्या रायझोपस बुरशीच्या अंगावर कॉटएच नावाचं प्रोटीन असतं, ते रक्तवाहिनीच्या अस्तरावरच्या जीआरपी78 या प्रोटीनला चिकटतं आणि तिथून बुरशी आत घुसते, आणि शुगर नि लोह वाढलं की हे जीआरपी78 पण वाढतं, डायबेटिसवाल्यांनाच हा रोग जास्त का धरतो त्याचं एक मोठं कारण हेच. कॉटएचला झाकणाऱ्या अँटिबॉडीने उंदीर वाचलेत. शिवाय 2021 मध्येच म्युकोरिसिन नावाचं या बुरशीचं विष सापडलं, एरंडाच्या बीमधल्या रिसिनसारखं, त्याच्यावरच्या अँटिबॉडीचाही उंदरांना फायदा झाला.

सिस्टर_नाईट_ड्यूटी:
उंदरांवरून लगेच आशा लावू नका असं मनापासून सांगते. म्युकरला लोह लागतं म्हणून ते काढून घेणारं डिफेरासिरॉक्स जोडीला देऊन बघितलं होतं, उंदरांत छान चाललं, पण 2012 मध्ये छापलेल्या 20 पेशंटच्या ट्रायलमध्ये 90 दिवसांत औषधवाल्या 11 पैकी 9 गेले, दुसऱ्या गटात 9 पैकी 2. औषधवाल्या गटात आधीच जास्त आजारी पेशंट होते हे खरं, तरी कोणी ते वापरायला धजलं नाही.

मायक्रोवाला:
सिस्टरचं बरोबर आहे. अँटिबॉडी पण अ‍ॅम्फोटेरिसिनच्या जोडीनेच द्यावी लागेल, सडलेला भाग कापून काढणं तर चुकत नाहीच. पण जोडीला काहीतरी मिळालं तर तेवढा वेळ हाताशी येतो, आणि म्युकरमध्ये एकेक दिवस मोजावा लागतो.

मनीषा_क:
समजलं, दोघांचे आभार. मामा आता टाळूला प्लेट लावून दुधात कुस्करलेली भाकरी खातो. आज सकाळची उपाशीपोटी शुगर 118.