पुराणातल्या कॅम्पेनमधे लांबचा प्रवास कसा खेळवता?

आमी गावातले पोट्टे मिळून पुराणांवर रोलप्लेइंग कॅम्पेन (पात्रं बनून खेळायची लांबलचक गोष्ट) खेळून राहिलो, गेम मास्टर, म्हणजे गोष्ट सांगून खेळवणारा, मी. पार्टी, म्हणजे पोट्ट्यांच्या पात्रांची टोळी, कौंडिण्यपूरहून निघाली, जायचं अयोध्येला अन् मंग मेरू पर्वतापर्यंत. पण रोजचा मुक्काम, रोज राक्षसासाठी फासा, अर्धं सेशन जंगलातच जाते अन् पोट्टे मोबाईल काढतात. प्रवास पुरा गाळून टाकू का?

बेहडा: गाळू नको भाऊ. नळाचीच गोष्ट घे न, बाहुक नावाचा सारथी बनून अयोध्येच्या राजा ऋतुपर्णाचा रथ अयोध्येहून एका दिवसात कुंडिनपूरले, म्हणजे तुमच्या कौंडिण्यपूरलेच, आणते, मधात राजाचं उपरणं पडते, थांब म्हणेपर्यंत ते योजनभर (म्हणजे काही कोस) मागं राहते, मंग बेहड्याच्या झाडाची पानंफळं राजा नुसत्या नजरेनं मोजते, अश्वविद्येच्या बदल्यात फाशांची विद्या देते अन् तिथंच नळाले पछाडलेला कली त्याच्या अंगातून निघते. एवढ्या वाटेत थांबा एकच, पण गोष्ट तिथंच पलटते. तसा थांबा निवड, बाकी वाट दोन वाक्यात सांग.

वर्धाकाठ: मेरू तर जंबुद्वीपाच्या, म्हणजे पुराणातल्या आपल्याच द्वीपाच्या, मधातच हाय. पुढं न्यायचं असन तर खारा समुद्र, मंग प्लक्षद्वीप, त्याच्याभोवती उसाच्या रसाचा समुद्र. तिथं अंतर मोजूच नको, दर समुद्राले काहीतरी किंमत ठेव, एखादं वरदान सोडाव लागन असं.

प्रश्नकर्ता: वरदान सोडायचं लय आवडलं! शनिवारी उपरण्यापासूनच सुरू करतो.